प्रश्न तुमचे: सेंट अँड्र्यूजमध्ये दिवसा इतिहास, संध्याकाळी गोल्फ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं माहेरघर मानलं जातं. गोल्फची सुट्टी आणि इतिहासाची भटकंती एकाच प्रवासात कशी बसवायची, यावर आलेल्या पत्रांमधली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकसारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न: माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे. पुढच्या जूनमध्ये पत्नीसोबत आठ दिवसांसाठी जायचा विचार आहे, ती खेळत नाही. ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या गोल्फ मैदानावर, टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) खरोखर मिळतो का, की मोठ्या टूर कंपन्यांचं पॅकेज घेतल्याशिवाय उपाय नाही? (पुणे)

उत्तर: मिळतो, पण पूर्ण सहल त्या एका फेरीभोवती बांधू नका. पॅकेजमध्ये ओल्ड कोर्सची हमी असते, म्हणूनच ते महाग असतं. हमी नको असेल तर रोजची सोडत सगळ्यांना खुली आहे.

सोडतीची पद्धत सोपी आहे. ज्या दिवशी खेळायचं, त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ वाजेपर्यंत नावं द्यायची. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंचा गट लागतो. निकाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लागतो. सोमवारी खेळायचं तर शनिवारी नाव द्यायचं, मंगळवारसाठी रविवारी. नाव ऑनलाइन देता येतं, त्यामुळे पहिल्या दिवसाची सोडत पुण्यातूनही भरता येईल. रविवारी ओल्ड कोर्सवर मोठ्या स्पर्धांखेरीज खेळ नसतो.

तुमच्या बाबतीत मुख्य अडचण ही की पत्नी खेळत नाही आणि दोघांच्या सोडतीला दुसरा खेळाडू लागतो. एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोय आहे. पूर्वी लोक मध्यरात्रीपासून पहिल्या टीजवळच्या (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) पॅव्हिलियनबाहेर रांग लावत. २०२४ पासून त्या जागी एकट्यांची सोडत आली. आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, संध्याकाळी निकाल येतो आणि दोघा-तिघांच्या गटात रिकामी जागा असेल तिथे तुम्हाला बसवतात. एकटा माणूस अशा जागेत सहज मावतो.

हँडिकॅप इंडेक्सचं ताजं प्रमाणपत्र आपल्या क्लबकडून घ्या आणि छापील प्रतही जवळ ठेवा. ते नसेल तर पहिल्या टीवरूनच परत पाठवतात. ओल्ड कोर्सची उन्हाळी ग्रीन फी (खेळण्याचं शुल्क) ३०० पौंडांच्या वर आहे, कॅडीचे (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे त्याहून वेगळे. बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही, त्यामुळे सात-आठ किलोमीटर चालायची सवय आत्तापासून करा.

आता आठ दिवसांची मांडणी. जूनमध्ये तिथे पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. किल्ला, कॅथेड्रलचं संग्रहालय आणि बाकीची सरकारी ऐतिहासिक ठिकाणं मात्र संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतात. बहुतेक प्रवासी सकाळी उठून आधी गोल्फ खेळतात, दुपारी तीनला दमून हॉटेलवर येतात आणि इतिहासाच्या वाट्याला उरतो एक तास. ही मांडणी उलटी करा. गावातल्याच न्यू, ज्युबिली किंवा ईडन कोर्सचे टी टाइम दुपारी ४ नंतरचे घ्या. बऱ्याच कोर्सवर संध्याकाळचे दरही कमी असतात. सकाळ दोघांनी मिळून ऐतिहासिक ठिकाणी घालवा. एखाद्या दिवशी ओल्ड कोर्सची सोडत लागलीच तर फक्त त्या दिवशी क्रम बदला.

मुक्काम शनिवार ते गुरुवार असे पाच रात्री सेंट अँड्र्यूजमध्ये आणि उरलेले एडिंबरोत ठेवा. त्यामुळे रविवार तिथे मिळतो आणि सोमवार ते गुरुवार चार वेळा सोडतीत नाव देता येतं.

तारखा ठरवताना दोन गोष्टी तपासा. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा ओल्ड कोर्स, कार्नूस्टी आणि किंग्सबार्न्स या तिन्ही ठिकाणी भरते, तो आठवडा टाळा. आणि २०२७ ची ओपन (गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा) सेंट अँड्र्यूजलाच आहे, त्या वर्षीच्या जून-जुलैत कोर्सही मिळणार नाही आणि खोलीही.

प्रश्न: व्हिसा, विमान आणि गावापर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगाल का? सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन दिसत नाही. (नाशिक)

उत्तर: स्टेशन १९६९ मध्ये बंद झालं. मुंबईहून लंडन किंवा आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून एडिंबरो, तिथून रेल्वेने लूकर्स आणि लूकर्सहून ९९ क्रमांकाची बस. रेल्वेला तासाभराच्या आसपास लागतो, बसला दहा-पंधरा मिनिटं.

एडिंबरोहून निघाल्यावर गाडी फोर्थच्या खाडीवरचा १८९० सालचा पोलादी पूल ओलांडते. तो २०१५ पासून जागतिक वारसा आहे. डाव्या खिडकीतून शेजारचे दोन रस्तेपूल दिसतात, उजवीकडे उघडी खाडी. पुलाचं स्वतःचं रूप गाडीतून दिसत नाही, त्यासाठी एडिंबरोच्या मुक्कामात साउथ क्वीन्सफेरीला उतरून खालून पाहा.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो. टी टाइम मात्र त्याच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात. म्हणून पैसे भरताना रद्द करण्याची अट वाचा. व्हिसा उशिरा आला आणि फी परत मिळाली नाही, हे बऱ्याचदा होतं.

प्रश्न: माझे यजमान दिवसभर गोल्फ खेळणार आणि मी हॉटेलात बसणार, अशीच ही सहल होईल अशी भीती वाटते. इतिहासात मला रस आहे. त्या गावात खरोखर पाहण्यासारखं किती आहे? (ठाणे)

उत्तर: गावातच दोन दिवस भरतील. उलट तुमच्या यजमानांनाच एक-दोन फेऱ्या सोडून तुमच्याबरोबर यायला सांगा, कारण तिथला गोल्फ त्या इतिहासातूनच उगवला आहे.

सुरुवात कॅथेड्रलपासून करा. बांधकाम ११५८ मध्ये सुरू झालं आणि १३१८ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत त्याचं अर्पण झालं, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ ते चाललं होतं. स्कॉटलंडमधलं ते सगळ्यात मोठं चर्च होतं. १५५९ मध्ये धर्मसुधारणेच्या (कॅथलिक चर्चविरुद्धच्या चळवळीच्या) लाटेत जमावाने ते आतून उद्ध्वस्त केलं आणि पुढे गावातल्या लोकांनी घरं बांधायला त्याचेच दगड नेले. साउथ स्ट्रीट आणि नॉर्थ स्ट्रीटवरून चालताना जुन्या भिंतींकडे पाहा, घडवलेले दगड मध्येच वेगळे दिसतात. आवारातला ३३ मीटर उंचीचा सेंट रूलचा मनोरा कॅथेड्रलपेक्षाही जुना आहे. जिना अरुंद आणि गोल, वर जायला परवानगी आहे का ते त्या दिवशी तिकीटखिडकीवर विचारा.

याच आवारातल्या कबरींत गोल्फचा इतिहास आहे. दक्षिणेकडच्या भिंतीत धाकट्या टॉम मॉरिसचं स्मारक आहे, पट (चेंडू खड्ड्याकडे हलकेच लोटणारा फटका) करताना वाकलेला, डोक्यावर स्कॉटिश टोपी. १८६८ ते १८७२ या काळात सलग चार ओपन त्याने जिंकल्या (१८७१ मध्ये स्पर्धा झालीच नाही) आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी वयाच्या २४ व्या वर्षी तो गेला. स्मारकाचा खर्च साठ गोल्फ संस्थांनी मिळून उचलला. समोरच त्याचे वडील, थोरले टॉम मॉरिस, यांची कबर आहे. ते चार वेळा ओपन जिंकलेले आणि पुढे कित्येक वर्षं ओल्ड कोर्सची देखभाल करणारे. मुलानंतर ३३ वर्षांनी, १९०८ मध्ये, ते वारले. खेळ माहीत नसलेल्यालाही इथे थोडं थांबावंसं वाटतं.

मग समुद्रालगतचा किल्ला. १५४६ च्या मार्चमध्ये कॅथलिक चर्चचा बडा धर्माधिकारी कार्डिनल बीटनने जॉर्ज विशार्ट या सुधारक धर्मोपदेशकाला जाळलं. मे महिन्यात त्याच्या पक्षाच्या लोकांनी किल्ल्यात घुसून कार्डिनललाच ठार केलं आणि किल्ला ताब्यात घेतला. वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांनी तटाखालून भुयार खणायला घेतलं, आतल्यांनी खणण्याचा आवाज ऐकत त्याच्या दिशेने उलट भुयार मारलं. पहिले प्रयत्न चुकले आणि अखेर गाठ पडली. ही दोन्ही भुयारं आज चालत बघता येतात. बाहेरच्यांचं भुयार ऐसपैस आहे, कारण त्यांच्याजवळ वेळ होता. आतल्यांचं इतकं बुटकं आणि वेडंवाकडं की कमरेत वाकून, हाताने भिंत धरून जावं लागतं. त्या दोन मापांतल्या फरकावरून वेढ्याची घाई अंगावर येते. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या मराठी माणसाला तटबंदी नवी नाही, पण वेढ्यातलं भुयार असं आतून बघायला क्वचित मिळतं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर आत जाऊ नका, आतल्यांच्या भुयारात ताठ उभं राहायला जागा नाही. जमीन ओली असते, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला.

किल्ल्यातली बाटलीच्या आकाराची खडकात कोरलेली कोठडीही पाहा. वर अरुंद तोंड, खाली रुंद पोट, वर येण्याचा मार्ग नाही. किल्ला आणि कॅथेड्रल दोन्ही एकाच सरकारी संस्थेकडे आहेत, एकत्र तिकीट घ्या. स्कॉटलंडमध्ये अशी बरीच ठिकाणं पाहणार असाल तर त्या संस्थेचा प्रवासी पास परवडतो.

विद्यापीठ १४१३ चं, स्कॉटलंडमधलं सगळ्यात जुनं. नॉर्थ स्ट्रीटवरच्या सेंट साल्व्हेटर चॅपलच्या दारासमोर फरशीत पीएच ही दोन इंग्रजी अक्षरं दगडाने रेखली आहेत. १५२८ मध्ये इथे पॅट्रिक हॅमिल्टन या सुधारक धर्मोपदेशकाला जाळलं. विद्यार्थी त्या अक्षरांवर पाय देत नाहीत, पाय पडला तर परीक्षेत नापास होतो अशी समजूत आहे. तुम्हीही बाजूने जा.

आणि तुम्ही कधीच खेळला नसाल तरी एक फेरी जरूर करा. ओल्ड कोर्सच्या शेजारीच महिलांच्या पटिंग क्लबचं, १८६७ पासूनचं, हिमालयाज नावाचं मैदान आहे. उंचवटे-खड्डे असलेल्या हिरवळीवर फक्त पटरने (चेंडू जमिनीवरून लोटायच्या काठीने) खेळायचं असतं, पटर आणि चेंडू तिथेच मिळतात, हँडिकॅपचा प्रश्न नाही. १८६७ मध्ये महिलांना फक्त इतकाच गोल्फ योग्य मानला जात होता. त्या काळच्या मर्यादेत स्त्रियांनी स्वतःसाठी एक क्लब उभा केला आणि तो आजही चालू आहे.

प्रश्न: ओल्ड कोर्स रविवारी बंद का असतो? त्या दिवशी आत जाता येतं का? (सोलापूर)

उत्तर: जाता येतं, आणि तो आठवड्यातला सगळ्यात छान दिवस असतो. मुळात ही जमीन गावाची सामाईक. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेत ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशपांनी घेतला आणि त्याच जमिनीवर गावकऱ्यांचा गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला. आजही लिंक्स, म्हणजे ही समुद्रकाठची गोल्फची जमीन, एका सार्वजनिक न्यासाकडे आहे. रविवारी जमिनीला विश्रांती मिळते आणि गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात.

स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल पहिल्या आणि अठराव्या होलच्या (होल म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) मध्ये आहे, फोटोला रांग लागते, सकाळी आठच्या आत गेलात तर एकटे असाल. फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवरून) चाला, पण ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) आणि बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पाऊल टाकू नका. सतराव्या होलच्या ग्रीनलगतचा खोल बंकर काठावरून नीट बघून घ्या, खेळायच्या दिवशी कामाला येईल. इतर दिवशीही पहिला आणि अठरावा फेअरवे आडवा कापणारी एक सार्वजनिक वाट आहे. तिथून जाताना चेंडू येतोय का ते आधी पाहा आणि मगच पलीकडे जा.

प्रश्न: आमच्या क्लबवर मी बरा खेळतो. पण तिथे गेलेले मित्र सांगतात, पहिल्या दिवशी सगळं फसतं. नक्की काय बदलतं? (मुंबई)

उत्तर: जमीन आणि वारा. आपल्याकडे फेअरवे मऊ, चेंडू पडला की थोडा पुढे जाऊन थांबतो. तिथे वाळूवर उगवलेलं बारीक फेस्क्यू गवत असतं, जमीन कडक, चेंडू पडल्यावर २० ते ३० यार्ड पळतो. ग्रीनवर थेट उतरवायला गेलात की चेंडू मागच्या उतारावरून खाली जातो. वारा पाठीमागून असेल तर चेंडू ग्रीनच्या बराच आधी पाडा आणि घरंगळत जाऊ द्या.

समोरून वारा असताना लोक जोर लावतात आणि तिथेच चूक होते. जोराने मारलेल्या चेंडूला मागची फिरक जास्त मिळते, तो वर चढतो आणि वारा त्याला तिथेच थोपवतो. एक-दोन नंबर मोठा क्लब (चेंडू मारायची काठी) घ्या, चेंडू उजव्या पायाकडे ठेवा आणि पाऊण स्विंगने मारा. हात खांद्याच्या वर न्यायचा मोह टाळा.

ग्रीनच्या जवळ आलात की सँड वेज (चेंडू उंच उडवायचा, वाळूतून काढायचा क्लब) शक्यतो पिशवीतच ठेवा. पावसाळी मऊ जमिनीसाठी घेतलेल्या वेजचा तळ जाड असतो. तो कडक जमिनीवर आपटून वर उडतो आणि पातं चेंडूच्या मध्यावर बसतं. चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. २०-२५ यार्डांवरूनही पटर किंवा ७ नंबर आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब) वापरा. दिसायला ते साधं वाटतं, पण तिथले कॅडी तेच सांगतात.

बंकर हे दुसरं संकट. भिंत गवताच्या तुकड्यांच्या थरांची, जवळजवळ उभी असते, कारण उतार ठेवला तर वारा वाळू उडवून नेतो. चेंडू भिंतीला लागून असेल तर पुढे मारायचा विचार सोडा. बाजूने किंवा मागे काढा. तेही अशक्य असेल तर चेंडू खेळता येत नाही असं जाहीर करून दोन फटक्यांच्या दंडात बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेवर, ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली टाकून खेळता येतो. २०१९ पासूनचा हा नियम आपल्याकडे अजून बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतो. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत आणि चौदाव्या होलवरच्या हेल बंकरमध्ये चार-पाच फटके घालवणं अवघड नाही.

ओल्ड कोर्सवर तुमचा चेंडू उजवीकडे वळत असेल तर सावध राहा. पहिल्या होलवर आणि परतीच्या शेवटच्या होलवर उजवीकडे हद्द आहे, बाहेर गेला की दंड. जाताना, म्हणजे गावापासून दूर जाणाऱ्या होलवर, उजवीकडे काटेरी झुडपं. शंका असेल तेव्हा डावीकडे मारा, तिथे शेजारच्या होलचा फेअरवे असतो.

सात ग्रीन दोन-दोन होलमध्ये वाटलेले आहेत आणि त्या जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते. २ आणि १६, ३ आणि १५, असं ८ आणि १० पर्यंत. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा एवढेच स्वतंत्र. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या झेंड्याकडे खेळणं पाहुण्यांकडून नेहमी होतं, कॅडी असेल तर तेवढ्यासाठीही उपयोगी. आणि इतक्या मोठ्या ग्रीनवर ३० मीटरचा पट सहज वाट्याला येतो. निघण्यापूर्वी महिनाभर लांब पटचा सराव करा, त्याने ड्राइव्हपेक्षा (टीवरच्या लांब फटक्यापेक्षा) जास्त फटके वाचतील.

हिवाळ्यात जाणार असाल तर हेही जाणून घ्या: नोव्हेंबर ते मार्च ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर चटईच्या तुकड्यावर चेंडू ठेवून खेळावं लागतं, गवत वाचवण्यासाठी. फी कमी असते, पण खेळाचा अनुभव तसा राहत नाही.

प्रश्न: स्वतःचे क्लब न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत? (नागपूर)

उत्तर: चार किंवा जास्त फेऱ्या असतील तर न्या, दोनच असतील तर भाड्याने घ्या. क्लबसह पिशवी साधारण १२ ते १४ किलो, वरचं प्रवासाचं कव्हर धरून १६ ते १८. विमान कंपनीने ते एका बॅगेत धरलं आहे की वेगळं शुल्क आहे, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहा. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं डोकं सुटं होत असेल तर काढून कपड्यात गुंडाळा. पिशवीत सगळ्यात लांब क्लबापेक्षा दोन-तीन इंच उंच असा आधाराचा दांडा घाला, कारण बॅग क्लबच्या डोक्यांच्या बाजूने आपटते आणि शाफ्ट (क्लबचे दांडे) तिथेच मोडतात. लिथियम बॅटरीचा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं उपकरण) हातसामानात ठेवा. मोठी, चामड्याची टूर बॅग नको. हलकी स्टँड बॅग न्या, कॅडीला ती वाहायची असते.

पावसाच्या कपड्यांत काटकसर करू नका. जूनमध्येही सकाळी ऊन, दुपारी समुद्रावरून गार वारा आणि तिरका पाऊस असं होतं. पावसात घालायचे दोन्ही हातांचे ग्लोव्हज घ्या, भिजल्यावर साधा ग्लोव्ह निसटतो.

प्रश्न: आम्हा दोघा मित्रांचं बजेट कमी आहे आणि फक्त तीन दिवस एडिंबरोत आहोत. गोल्फ आणि इतिहास दोन्ही जमेल का? (कोल्हापूर)

उत्तर: छान जमेल, आणि माझ्या मते अनेक महागड्या सहलींपेक्षा ही जास्त रंगेल.

पहिला दिवस शहरात. ब्रंट्सफील्ड लिंक्स या सार्वजनिक मैदानावर उन्हाळ्यात ३६ छोट्या होलचा पिच अँड पट कोर्स असतो, फुकट. एक वेज आणि पटर पुरेसा. दुपारी लीथ लिंक्सला जा. इथे १७४४ मध्ये स्पर्धेसाठी पहिल्यांदा १३ लेखी नियम केले गेले. पहिला विजेता जॉन रॅट्रे हा शल्यविशारद, पुढच्याच वर्षी तो बॉनी प्रिन्स चार्ली या ब्रिटनच्या गादीसाठी लढणाऱ्या राजपुत्राच्या बंडखोर सैन्याबरोबर गेला. त्याचा पुतळा २०१९ पासून तिथे आहे. आता तिथे गोल्फ नाही, बाग आहे.

दुसरा दिवस एडिंबरोजवळच्या मसलबराला. तिथला जुना नऊ होलचा कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे. १६७२ मध्ये इथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे आणि १८७४ ते १८८९ दरम्यान सहा वेळा ओपन भरली. जुन्या पद्धतीचे हिकरी लाकडाचे क्लब भाड्याने मिळतात, तेच घेऊन खेळा. पातं लहान, शाफ्ट लवचिक, जोराने मारलं की चेंडू कुठेही जातो, त्यामुळे स्विंग आपोआप सावकाश होतो. आज जगभरच्या होलचा व्यास सव्वाचार इंच म्हणजे १०८ मिलिमीटर आहे. १८२९ मध्ये मसलबरात होल पाडायचं यंत्र बनलं त्याच मापाचं, ते पुढे सगळीकडे सक्तीचं झालं. शर्यतीच्या दिवशी कोर्स बंद असतो, आधी तारखा पाहा.

तिसरा दिवस रेल्वेने नॉर्थ बेरिक, एडिंबरोच्या वेव्हर्ली स्टेशनहून साधारण अर्धा तास. वेस्ट लिंक्सवर तेराव्या होलचा ग्रीन चक्क दगडी कुंपणाच्या पलीकडे आहे. पंधरावा होल रेडान, या नावामागे क्रायमियाच्या युद्धातल्या सेव्हस्तोपोलच्या बुरुजाची आठवण आहे, आणि या रचनेच्या नकला पुढे जगभर झाल्या. फी परवडत नसेल तर किनाऱ्यालगतच्या पायवाटेवरून बघता येतो. दुपारी टॅन्टॅलन किल्ला पाहा, समोर समुद्रात बास रॉकचा सुळका, त्यावर गॅनेट पक्ष्यांची प्रचंड वस्ती.

प्रश्न: सातारकरांना ग्रँट डफ माहीत आहे. त्याच्या मुलखात गोल्फ आहे का? (सातारा)

उत्तर: आहे. जेम्स ग्रँट डफचा जन्म १७८९ मध्ये ईशान्य स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावी झाला. १८१८ नंतर तो साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारभाराशी त्याचा रोजचा संबंध. १८२२ च्या सुमारास प्रकृतीमुळे परतल्यावर त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत निघाला. पुढचं आयुष्य बॅन्फजवळच्या ईडन इस्टेटीवर गेलं, मृत्यू १८५८ मध्ये.

बॅन्फमध्ये डेव्हरन नदीकाठी डफ हाउस हा वास्तुरचनाकार विल्यम ॲडमने १७३५ नंतर बांधलेला प्रासाद आहे. त्यात राष्ट्रीय कलासंग्रहालयाची चित्रं टांगली आहेत आणि त्याच्याच परिसरात डफ हाउस रॉयल गोल्फ क्लब आहे. या कोर्सची रचना १९२० च्या दशकात ॲलिस्टर मॅकेन्झीने केली, त्याचे मोठे लहरी ग्रीन हीच त्याची खासियत. सेंट अँड्र्यूजहून एका दिवसात जाऊन यायची ही जागा नव्हे. ॲबरडीनला मुक्काम टाका, तिथून बस किंवा गाडी. इतिहासात रस असणाऱ्या मराठी गोल्फरसाठी आमच्या मते ही सगळ्या यादीतली सगळ्यात वेगळी जागा आहे, आणि तिथे गर्दीही नसते.

प्रश्न: गाडी न चालवता सेंट अँड्र्यूजच्या आजूबाजूचं काय बघता येईल? (औरंगाबाद)

उत्तर: बरंच. किनाऱ्यावरची कोळीगावं ९५ क्रमांकाच्या बसने जोडलेली आहेत. क्रेलचा गोल्फ क्लब १७८६ चा, बंदर छोटं आणि देखणं. अँस्ट्रदरला मासेमारीचं संग्रहालय आहे. ईलीला पहिल्या टीसमोर मोठा उंचवटा येतो, पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून तिथल्या स्टार्टरच्या (खेळाडूंना सोडणाऱ्या माणसाच्या) खोलीत एक्सकॅलिबर या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे.

दुसऱ्या दिवशी ९९ नंबरने डंडी. आपल्याशी खरा संबंध असलेलं ठिकाण इथे आहे: व्हर्डंट वर्क्स हे ताग गिरणीचं संग्रहालय. बंगालचा ताग डंडीत विणला जाई आणि पुढे कलकत्त्यात गिरण्या निघाल्यावर डंडीचा धंदा बसला. गोल्फचा प्रवासही त्याच वाटेने झाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना क्लब म्हणजे १८२९ चा रॉयल कलकत्ता. डंडीतून रेल्वेने पुढे कार्नूस्टी आणि त्याच मार्गावर आर्ब्रोथ. सकाळी आर्ब्रोथला ११७८ च्या मठाचे लाल दगडी अवशेष पाहा, स्कॉटिश स्वातंत्र्याचं १३२० चं पत्र इथूनच पोपला गेलं. मग कार्नूस्टीला उतरून संध्याकाळची फेरी. शेवटचा होल बॅरी ओढ्याच्या वळणांवरून जातो, तिथे चेंडू कुठे टाकायचा ते टीवरच ठरवा.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. सोबत सासूबाईही आहेत. जेवणाचं कसं होईल? (जळगाव)

उत्तर: सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं गाव आहे, भारतीय आणि शाकाहारी जेवण मिळतं. हॅगिस या स्कॉटलंडच्या, एरवी मांसाच्या पदार्थाचा शाकाहारी प्रकारही मिळतो, ओट, डाळी आणि भाज्यांचा. एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय खाऊ नका: फिश अँड चिप्सच्या दुकानातले बटाट्याचे चिप्स. बऱ्याच ठिकाणी ते गोमांसाच्या चरबीत तळतात आणि तेल असलं तरी मासळी त्याच कढईतली असते. छोट्या गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात, म्हणून संध्याकाळच्या फेरीच्या दिवशी सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं आणि दही आधीच आणून ठेवा. शक्यतो स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. वरण-भाताचा छोटा कुकर आणि डाळ-तांदूळ सोबत असले की सासूबाईंची सोय होते, मात्र दूध, तूप, पनीर, मिठाई असे दुधाचे पदार्थ भारतातून नेऊ नका, तिथल्या सीमाशुल्कात ते काढून घेतात.